जाब कोणाला विचारायचा?
(कल्हातचा वायू, गुहागरची माणसे आणि आपण)

गेल्या हिवाळ्यात मंडळाची सहल सूरला गेली होती. वाटेत कल्हातला बस थांबली. बीबी मरियमचा मकबरा पाहून झाला, इब्न बतूता चौदाव्या शतकात इथे येऊन गेला हेही मुलांना सांगून झाले. पुढे निघाल्यावर समुद्रकाठी टाक्यांचा आणि नळ्यांचा एक प्रचंड पसारा दिसू लागला. मुलांनी विचारले, "हे काय आहे?" आमच्यातल्या एका ज्येष्ठ सभासदांनी खिडकीबाहेर बघतच उत्तर दिले, "इथला वायू आमच्याकडे यायचा होता. आला नाही. पण त्याच्या नावाने आमच्या माणसांनी लाठ्या मात्र खाल्ल्या."

हे गृहस्थ गुहागर तालुक्यातले. बसमधल्या निम्म्या मंडळींना त्यांच्या बोलण्याचा अर्थ कळला नाही. उरलेल्यांना "एन्रॉन" एवढा एक शब्द आठवला आणि गाडी भेंड्यांकडे वळली. घरी आल्यावर आम्हाला मात्र चुटपुट लागून राहिली. ज्या प्रकरणाची एक बाजू आपल्या कोकणात आणि दुसरी आपण राहतो त्या देशात आहे, ते आपल्या मुलांना माहीत असू नये, हे काही बरे नव्हे. म्हणून हा लेख.

आम्ही इतिहासाचे पंडित नाही. आम्हाला एकच प्रश्न पडला आहे. माणसाच्या पोटापाण्याचे हक्क मोडले जातात तेव्हा जाब कोणाला विचारायचा? सरकारला, कंपनीला, की आणखी कोणाला?

खाडीच्या दोन बाजू

आधी भूगोल. वाशिष्ठी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे उत्तर तीरावर दाभोळ आहे. बहामनी आणि आदिलशाही काळात अरबस्तानाशी व्यापार करणारे हे नामांकित बंदर होते. दक्षिण तीरावर गुहागर तालुक्यातली अंजनवेल, वेलदूर, रानवी ही गावे. वीज प्रकल्प झाला तो या दक्षिण तीरावर. नाव मात्र पलीकडच्या तीराचे घेतले गेले: दाभोळ पॉवर कंपनी. ज्यांची जमीन गेली त्यांच्या गावाचे नाव प्रकल्पाच्या पाटीवरसुद्धा आले नाही.

१९९१ साली देशाची परकीय चलनाची गंगाजळी आटली होती. सोने गहाण पडले होते. नव्या धोरणानुसार वीजनिर्मिती परदेशी कंपन्यांना खुली झाली. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातली एन्रॉन ही कंपनी पुढे आली आणि २० जून १९९२ रोजी तिने महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी प्राथमिक करार केला. स्पर्धेच्या निविदा मागवल्या गेल्या नाहीत. एन्रॉनबरोबर जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या आणखी दोन अमेरिकन कंपन्या होत्या. सुरुवातीची भागीदारी एन्रॉनची ८० टक्के आणि त्या दोघींची प्रत्येकी १० टक्के अशी होती.

एप्रिल १९९३ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज द्यायचे नाकारले. एवढी वीज सतत विकत घेणे मंडळाला परवडणार नाही आणि आयात केलेला द्रवरूप वायू कोळशापेक्षा महाग पडेल, असे तिचे म्हणणे होते. तरीही ८ डिसेंबर १९९३ रोजी वीजखरेदीचा करार झाला. क्षमता २०१५ मेगावॅट, मुदत २० वर्षे. मंडळाने पैसे न दिल्यास राज्य सरकार देईल अशी हमी दिली गेली. राज्याने न दिल्यास केंद्र देईल अशी प्रतिहमी सप्टेंबर १९९४ मध्ये दिली गेली.

करारातली मेख कोठे होती? मंडळाने वीज घेतली नाही, तरी यंत्रे तयार ठेवल्याबद्दल ठरलेला आकार द्यायचाच होता. हे म्हणजे जागा वर्षभरासाठी भाड्याने घेण्यासारखे झाले. आपण सुट्टीवर दोन महिने गावी गेलो तरी भाडे चुकत नाही. शिवाय हा आकार डॉलरशी बांधलेला होता. करार झाला तेव्हा डॉलर सुमारे ३० रुपयांना होता, २००१ साली तो सुमारे ४७ रुपयांवर गेला.

इथे आपण थोडे थांबू या. ओमानी रियालही डॉलरशी बांधलेला आहे. रुपया घसरला की आपल्यापैकी प्रत्येकाने विनिमय केंद्राच्या रांगेत मनातल्या मनात आनंद मानला आहे. घरी चार पैसे जास्त पोचतात, बांधकामाचा आणखी एक हप्ता फिटतो. तीच घसरण तिकडे वीज मंडळाच्या बिलावर चढत होती, आणि ते बिल शेवटी आपल्याच गावच्या मीटरवर येणार होते. आपण पाठवलेला रुपया आणि मंडळाने भरायचा रुपया एकाच काट्यावर वरखाली होत होते.

ओमानचा भाग

पहिल्या टप्प्यात वीज नाफ्त्यावर आणि दुसऱ्या टप्प्यात आयात केलेल्या द्रवरूप नैसर्गिक वायूवर करायची, असे ठरले होते. हा वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की द्रव होतो. त्याचे आकारमान सुमारे सहाशेपटीने कमी होते आणि तो जहाजाने नेता येतो. त्याआधी १९९३ साली भारत आणि ओमान यांच्यात समुद्रतळावरून थेट नळ टाकण्याचा समझोता झाला होता. अरबी समुद्राची खोली त्या मार्गावर जवळजवळ साडेतीन हजार मीटर असल्यामुळे ती योजना पुढे बारगळली.

नळ गेला, जहाजे राहिली. ओमान एलएनजी ही कंपनी १९९४ साली स्थापन झाली आणि कल्हातचा कारखाना २००० साली सुरू झाला. त्याची वर्षाला ६६ लाख टनांची क्षमता होती. त्यातले ४१ लाख टन कोरियाला, ७ लाख टन जपानमधल्या ओसाका गॅसला आणि १६ लाख टन दाभोळला, अशी विक्री ठरलेली होती. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा आपल्या गुहागरचा. आमच्या त्या ज्येष्ठ सभासदांनी खिडकीतून जे पाहिले, ते हे.

वेलदूरची पहाट

करार मुंबईत, दिल्लीत आणि ह्यूस्टनमध्ये होत होते. जमिनी मात्र गुहागरच्या होत्या. आंब्याकाजूच्या बागा, वरकस जमीन, गोड्या पाण्याचे मोजके झरे आणि खाडीतली मासळी यांवर तिथली घरे चालत. प्रकल्पाचे गरम पाणी खाडीत सोडले तर मासळीचे काय होईल? बांधकामाला पाणी गेले तर विहिरींचे काय? हे प्रश्न त्यांनी अर्ज करून, मोर्चे काढून विचारले.

१९९५ च्या विधानसभा निवडणुकीत हा प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा झाली आणि शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले. गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चौकशी केली. ३ ऑगस्ट १९९५ रोजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी प्रकल्प रद्द झाल्याचे जाहीर केले. गुहागरला लोकांना वाटले, सुटलो. पण कंपनी लंडनला लवादाकडे गेली आणि इकडे वाटाघाटीही सुरू झाल्या. जानेवारी १९९६ मध्ये तोच प्रकल्प पुन्हा मान्य झाला, आणि तोही २१८४ मेगावॅटचा, म्हणजे आधीपेक्षा मोठा. पूर्वी ऐच्छिक असलेला दुसरा टप्पा आता बंधनकारक ठरला. केंद्राच्या प्रतिहमीला मे १९९६ मध्ये पुन्हा मान्यता मिळाली, ती केंद्रातल्या १३ दिवसांच्या सरकारच्या अगदी शेवटच्या दिवसांत. बुडवायला निघालेल्यांनीच गाळातून वर काढून दिला, असे लोक म्हणू लागले.

१९९७ साली तिथे जमावबंदी, अटका, तडीपारीच्या नोटिसा हे नित्याचे झाले. मेधा पाटकर यांनाही अटक झाली. बंदोबस्तासाठी राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी ठेवली होती आणि तिचा खर्च कंपनी देत होती. ३ जून १९९७ च्या पहाटे पोलीस वेलदूरच्या मच्छीमार वस्तीत शिरले. बरेचसे पुरुष मासेमारीला गेलेले होते. घरात बायका होत्या. दारे मोडून, त्यांना ओढून बाहेर काढून मारहाण झाली. मार खाल्लेल्यांत एक गरोदर बाई होती. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी जुलैत आणि ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने जानेवारी १९९९ मध्ये या साऱ्यावर अहवाल प्रसिद्ध केले. दुसऱ्या अहवालाने नुसत्या पोलिसांवर ठपका ठेवला नाही. ज्या दलाचा खर्च कंपनी देते, त्या दलाच्या वागण्यात कंपनीही सहभागी ठरते, असे त्याने स्पष्ट म्हटले. एका खासगी कंपनीबद्दल असे बोलणे त्या काळी नवीन होते.

टोलवाटोलवी

आता आमचा मूळ प्रश्न. वेलदूरच्या बाईने जाब विचारायचा तर कोणाला?

कंपनी म्हणाली, पोलीस आमचे नोकर नाहीत, कायदा आणि सुव्यवस्था सरकारचे काम. सरकार म्हणाले, करार झालेला आहे, प्रकल्पाचे रक्षण करणे आमचे कर्तव्य. केंद्राने प्रतिहमी दिली, पण करार राज्याचा होता. राज्यातल्या प्रत्येक सरकारने आधीच्या सरकारकडे बोट दाखवले. १९९२ पासून २००१ पर्यंत राज्यात मोठ्या पक्षांपैकी सत्तेची पाळी आली नाही असा एकही पक्ष उरला नाही, त्यामुळे बोट दाखवायला जागा भरपूर होती. करारावरचा वाद लंडनच्या लवादापुढे न्यायचा, अशी तरतूद होती. त्या लवादात वेलदूरला बसायला खुर्ची नव्हती, कारण वेलदूर त्या करारात पक्षकारच नव्हते.

न्यायालये? कामगार संघटना सिटू आणि अभय मेहता यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. डिसेंबर १९९६ मध्ये न्यायालयाने सरकारच्या कोलांटउड्यांवर कडक ताशेरे ओढले आणि याचिका फेटाळली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९७ साली तिथे ते दाखल करून घेतले गेले, पण राज्य सरकारच्या वागणुकीपुरतेच. कंपनी आणि केंद्र सरकार त्यातून वगळले गेले. त्या मर्यादित प्रश्नावरचे ते प्रकरण एप्रिल २०१९ मध्ये बंद झाले. बावीस वर्षे! तोवर वेलदूरच्या त्या पहाटे पाळण्यात असलेली मुले कामाधंद्याला लागली होती.

दरम्यान प्रकल्पच कोसळला. पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. नाफ्ता महागला, डॉलर चढला आणि वीज इतकी महाग पडू लागली की २००० च्या अखेरीस मंडळाचे हप्ते थकले. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने एप्रिल २००१ मध्ये अहवाल दिला. चूक कोणा एका सरकारची नाही, जवळजवळ प्रत्येक पातळीवर राज्यकारभारच फसला, असा त्याचा आशय होता. मे २००१ च्या अखेरीस मंडळाने वीज घेणे थांबवले. २ डिसेंबर २००१ रोजी खुद्द एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. २००६ साली तिचे दोन्ही प्रमुख, केनेथ ले आणि जेफ्री स्किलिंग, तिथल्या न्यायालयात दोषी ठरले. ले शिक्षा होण्याआधीच वारले, स्किलिंग तुरुंगात गेले.

पण वाचकहो, ते दोषी ठरले कशाबद्दल? भागधारकांना खोटे हिशेब दाखवल्याबद्दल. वेलदूरबद्दल नव्हे. ज्यांनी कंपनीत पैसे गुंतवले त्यांना जाब विचारायला न्यायालय मिळाले. ज्यांची खाडी आणि जमीन गुंतली होती त्यांना मिळाले नाही. आम्हाला वाटते, या साऱ्या प्रकरणाचे सार एवढेच आहे.

कल्हातच्या वायूला दुसरी गिऱ्हाइके मिळाली. गुहागरच्या केंद्रासाठी जुलै २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही सरकारी कंपन्यांच्या भागीदारीतली नवी कंपनी निघाली. वायू उतरवण्याचा धक्का २०१३ साली कामाला लागला. पाटीवरचे नाव पुन्हा बदलले.

हाती काय लागले?

मग सारेच वाया गेले का? आम्हाला तसे वाटत नाही.

पुण्याच्या "प्रयास" या संस्थेतल्या गिरीश संत, शंतनु दीक्षित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ पासूनच या कराराचे गणित मांडले होते. घोषणा न देता, प्रति युनिट किती पैसे पडतील हे त्यांनी आकडे करून दाखवले. पुढे ते गणित खरे ठरले. १९९८ च्या केंद्रीय कायद्यानंतर १९९९ साली महाराष्ट्र वीज नियामक आयोग आला. विजेचा दर ठरवताना जाहीर सुनावणी होऊ लागली आणि साध्या ग्राहकालाही उभे राहून प्रश्न विचारता येऊ लागला. अण्णा हजारे आणि इतरांच्या आंदोलनानंतर महाराष्ट्रात २००२ साली आणि देशभर २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा आला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने जमीन घेण्याआधी लोकांच्या जीवनावर होणाऱ्या परिणामांची पाहणी सांगितली. या साऱ्याचे श्रेय एकट्या गुहागरला देता येणार नाही. पण गुप्त करार, न विचारता गेलेली जमीन आणि न दाखवलेला हिशेब या तिन्ही दुखण्यांवरचे हे उपाय आहेत, आणि ती तिन्ही दुखणी गुहागरने भोगली होती.

जगातही विचार पुढे सरकला. आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांनी १९६६ साली केला. काम, योग्य वेतन, सुरक्षित कामाची जागा, अन्न, निवारा, आरोग्य, शिक्षण हे त्यात उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून येतात. भारत त्यात १९७९ साली सामील झाला, म्हणजे वेलदूरच्या पहाटेच्या वेळी भारत या कराराने बांधलेला होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८५ साली मुंबईच्या पदपथवासीयांच्या प्रकरणात, ज्याला ऑल्गा टेलिस खटला म्हणतात, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो असे सांगितले होते. २०११ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. त्यांचा गाभा सोपा आहे. लोकांचे रक्षण करणे सरकारचे कर्तव्य, हक्क न मोडणे कंपनीची जबाबदारी, आणि मोडलेच तर दाद मागायला दार हवे. "तो माझा माणूस नाही" असे म्हणून कंपनीला मोकळे होता येत नाही, हे यात आले.

आणि आपण

ओमानही २०२० साली त्याच १९६६ च्या करारात सामील झाला. आज आपल्या जन्माचा देश आणि आपल्या कामाचा देश, दोन्ही एकाच कागदाने बांधलेले आहेत. ओमान १९९४ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा सदस्य झाला. २००३ साली नवा कामगार कायदा आला, २००६ साली कामगार संघटनांना परवानगी मिळाली. नोकरी बदलताना आधीच्या मालकाचे ना-हरकत पत्र आणण्याची जी अट आपल्यापैकी अनेकांच्या छातीवर धोंड्यासारखी होती, ती जानेवारी २०२१ पासून गेली. २०२३ साली त्याहून नवा कामगार कायदा आणि सामाजिक संरक्षणाचा कायदा आला. जून ते ऑगस्टमध्ये दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करून घ्यायचे नाही, हा नियमही आहे.

नियम आहेत, हे चांगलेच आहे. पण गुहागरलाही नियम होतेच. म्हणून आता एक आपल्या घरचीच गोष्ट सांगतो, आणि ती सांगताना आम्हाला थोडी शरमही वाटते.

काही वर्षांपूर्वी एका लहान उपकंत्राटदाराकडचे सात कामगार शुक्रवारी मंडळाच्या कार्यक्रमाच्या ठिकाणी आले. दोघे मराठवाड्यातले, बाकीचे उत्तरेकडचे. त्यांचा चार महिन्यांचा पगार थकला होता. आमच्यातले एक सभासद ज्या साइटवर अभियंता होते, त्याच साइटवर ही मंडळी राबत होती. आम्ही त्यांना बाजूला घेऊन विचारले. ते म्हणाले, "अहो, ती आमची माणसे नाहीत, सबकॉन्ट्रॅक्टरची आहेत. आम्ही त्याचे बिल चुकते केले आहे." वाचकहो, हे गृहस्थ मनाने वाईट नव्हते. आमच्यातल्या बहुतेकांनी त्या दिवशी माना डोलावल्या. व्यवहाराला धरूनच बोलत होते ना ते! कोणाच्याही लक्षात आले नाही की हे वाक्य आपण पूर्वी कुठेतरी ऐकले आहे.

शेवटी मंडळातल्या दोन जणांनी त्या सात जणांबरोबर जाऊन रीतसर तक्रार दाखल केली. तिथे पहिला प्रश्न आला, पुरावा काय? करारपत्राची प्रत एकाकडेही नव्हती. पण मराठवाड्यातल्या एकाने, चौथी शिकलेल्या पोराने, खिशातल्या वहीत रोजची हजेरी लिहून ठेवली होती. तारीख, किती तास, कोणत्या इमारतीवर, मुकादमाचे नाव. अक्षर कोंबडीच्या पायासारखे, पण एकही दिवस चुकलेला नाही. आमच्या त्या अभियंता सभासदांना ती वही दाखवली. ते बराच वेळ पाने उलटत बसले. मग काही न बोलता दुसऱ्या दिवशी साइटच्या गेटवरच्या नोंदवहीची प्रत घेऊन आले. दोन्ही नोंदी जुळल्या. पैसे मिळायला आणखी काही महिने लागले, आणि सगळे मिळाले नाहीत. पण मिळाले ते त्या वहीमुळे आणि त्या प्रतीमुळे.

"प्रयास"च्या मंडळींनी जे केले तेच त्या पोराने केले, असे आम्हाला वाटते. हिशेब लिहून ठेवला. आणि वेलदूरला जे कोणीच केले नाही, ते आमच्या सभासदांनी केले. "माझा माणूस नाही" हे वाक्य मागे घेतले.

आपल्या मंडळात अभियंते आहेत, हिशेबनीस आहेत, भरती खात्यातले आहेत, गॅस कंपन्यांत आणि बांधकाम कंपन्यांत वरच्या जागांवरचे आहेत. आपण स्वतःला या देशात पाहुणे समजतो आणि पाहुण्याने घरच्या गोष्टीत तोंड घालू नये, असे मानतो. ते ठीकच आहे. पण पगारपत्रकावर सही आपली असते. दुपारी साडेबाराला माणसे उन्हातून आत घ्यायची की नाही, हे पुष्कळदा आपल्यातलाच कोणी ठरवतो. उपकंत्राटदाराचे बिल मंजूर करण्याआधी त्याच्या माणसांचे पगार बँकेत जमा झाल्याचा कागद मागायचा की नाही, हेही. सरकार आणि कंपनी ही नावे फार मोठी आहेत. जाब विचारायला गेलेल्या माणसाला आत टेबलामागे जो भेटतो तो आपल्यासारखाच कोणीतरी असतो. दाभोळच्या करारावरही कोणाकोणाच्या सह्या होत्याच, आणि त्या करणारे आपल्यासारखेच शिकलेसवरलेले होते.

कार्यकारिणीने ठरवले आहे की दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी दोन सभासद एक तास बसतील. ज्या कामगारांना करारपत्र वाचून घ्यायचे असेल, अर्ज लिहून हवा असेल, हजेरीची वही कशी ठेवावी हे विचारायचे असेल, त्यांनी यावे. भाषेची अट नाही, सभासदत्वाची अट नाही. वह्या आणि पेने मंडळ देईल. अरबी वाचू-लिहू शकणाऱ्या सभासदांची विशेष गरज आहे, त्यांनी आपली नावे चिटणिसांकडे द्यावीत.

आणि गुहागरच्या त्या ज्येष्ठ सभासदांना आम्ही विनंती केली आहे की पुढच्या सहलीत कल्हातला बस थांबली की त्यांनी मुलांना ही सगळी हकीकत सांगावी. ते म्हणाले, "सांगेन. पण खाली उतरून सांगेन. बसमध्ये भेंड्या चालू असतात."